टाचणीमावशींचं नाव

टाचणीमावशी कधी कुणाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत. त्यांची नजर तुमच्या गळ्याखाली, निऱ्यांवर, पदरावर, चोळीच्या गाठीवर. ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या आणि शब्द त्यांच्या फटींतून एकेक करून बाहेर यायचे. नवा माणूस पहिल्या दिवशी दचकायचाच. मीही दचकले होते. ही बाई माझ्याकडे बघतेय, की माझ्या लुगड्यात दुसरंच कुणी उभं आहे त्याच्याकडे, हे मला कळेना.

लोणावळ्याला आमची लहानशी चित्रमंडळी होती. बोलपट यायच्या आधीची गोष्ट. आम्ही दोन रिळांची मूक चित्रं काढायचो. दिग्दर्शकाला सगळे मास्तर म्हणत. मी नायिका, म्हणजे दुसरी कुणी बाई तयार नव्हती म्हणून नायिका. कपडेपट मावशींकडे. त्या जवळच्या कुरवंडे गावाच्या बाजूच्या शेतकरी घरातल्या. पाळण्यातून उतरल्या तशा बोहल्यावर चढल्या आणि न्हाण येण्याआधी कपाळ पांढरं झालं. घराण्यात विधवेचा पाट लावत नसत. तेव्हापासून त्या सगळ्यांच्या मावशी होत्या.

चित्रात एका प्रसंगाचे तुकडे वेगवेगळ्या दिवशी घेतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ऊन गेलं की काम थांबतं, ऊन आलं की पुढे सुरू होतं, आणि पदर मात्र होता तसाच हवा. आता त्याला कंटिन्युटी म्हणतात. मावशी म्हणायच्या 'मेळ'. सगळा मेळ त्यांच्या डोक्यात. आमच्या खलनायकाने एकदा साडूच्या लग्नाला जायचं म्हणून मिशा कोरून घेतल्या. मास्तर डोकं धरून बसले. मावशी उठल्या. बाहेर टांगा उभा होता, त्याच्या घोड्याच्या शेपटीला कात्री लावून आल्या आणि मिशा होत्या तशा करून दिल्या. घोडा चित्र संपेपर्यंत खलनायकाकडे रागाने बघायचा, असं आम्ही म्हणायचो.

पण एका बाबतीत त्या मेळ-बिळ काही मानत नसत. चित्रात कुणी मेलं, की तुकडा संपल्याबरोबर त्या धावत यायच्या. त्याचे पाय धुवायच्या, जिभेवर गूळ ठेवायच्या, आणि त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायच्या. तो 'ओ' म्हणेपर्यंत सोडायच्या नाहीत. 'मेल्याचं सोंग घ्यावं, पर तितं ऱ्हाऊ न्हाई,' असं त्यांचं म्हणणं. आम्ही हसायचो. मेलेला शिपाई गूळ चघळत 'ओ ओ' करायचा आणि मावशी त्याच्या गुंड्या सोडायला लागायच्या.

त्या वर्षी पाऊस सरल्यावर मास्तरांनी एका सुनेची गोष्ट घेतली. सून मी. शेवटी मी मरते, आणि सवाष्ण मेली म्हणून मला नटवून नेतात. कुरवंड्याजवळच्या माळावर तिरडी मांडली. मला हिरवं लुगडं, हातभर हिरवा चुडा, कपाळभर मळवट, ओटीत तांदूळ-नारळ. मी निजले, बायका माझ्याभोवती रडल्या, तो तुकडा झाला. आता तिरडी उचलायची, तेवढ्यात कोकणाच्या अंगाने धुकं वर चढलं. समोरचा माणूस दिसेना.

मावशी गूळ घेऊन आल्या, तर मास्तरांनी त्यांना अडवलं. "काही सोडू नका. धुकं हटलं की लगेच उचलायचंय. बसू दे तिला तशीच."

मी शेजारच्या गोठ्याच्या कट्ट्यावर मेलेल्या बाईच्या कपड्यांत बसून राहिले. मला गंमत वाटत होती. धुकं काही हटेना. गोठ्यातली गाय माझ्याकडे बघून सारखी मागे सरत होती. हळूहळू गंमत गेली आणि पाय गार पडायला लागले. मावशी माझ्या ओटीकडे बघत उभ्या होत्या. मग त्यांनी ओठांतल्या टाचण्या काढल्या. तसं त्या कधी करत नसत.

"पोरी, तुला दिवस गेल्यात."

मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. पण चोळी सैल करून देणाऱ्या बाईपासून काय लपणार?

त्या तडक मास्तरांकडे गेल्या. "ही उठंल. पोट हाय तिला. मढ्याच्या ओटीत लेकराला बशिवणार न्हाई मी."

"मग तिरडीवर कोण निजणार?" मास्तर चिडले.

"तोंडावर पदर घिऊन मी निजते."

आधी त्यांनी मला सोडवलं. पाय धुतले, गूळ दिला, "कमळे" अशी हाक मारली, आणि मी "ओ" म्हटल्यावर त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. मग ते लुगडं त्या स्वतः नेसल्या. निरी न् निरी माझ्यासारखी. चुडा चढवला. मळवट भरायला मला पुढे बसवलं, तेव्हा माझा हात काही उठेना. त्या कपाळाला जन्मात कुंकवाचं बोट लागलेलं मी पाहिलं नव्हतं.

"लाव गं," त्या म्हणाल्या. "मढ्याला कोन इचारतंय?"

आरशात बघायला मागितलं नाही त्यांनी. नुसतं कपाळावरून हात फिरवला, आणि जाऊन निजल्या.

ऊन आलं. तिरडी उचलणारे गावातलेच गडी होते. त्यातला एक पुटपुटला, "हे बरं न्हाई." माळावरून तिरडी निघाली, मधेच धुक्याचा एक लोट आला, तिरडी त्यात शिरली आणि पलीकडून बाहेर पडली. मास्तर खुशीत आले. मला मात्र वाटलं, ती आत गेली तशी बाहेर आलेली नाही.

तिरडी खाली ठेवल्याबरोबर मी गूळ घेऊन धावले. पाय धुतले. पदर बाजूला केला आणि हाक मारायला तोंड उघडलं, तर काय हाक मारायची? मला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. मास्तरांना विचारलं, त्यांना नाही. गड्यांना विचारलं, ते त्यांच्याच बाजूचे, ते एकमेकांकडे बघायला लागले. एवढी माणसं, आणि एकालाही त्या बाईचं नाव माहीत नाही. मी "मावशी, मावशी" करत राहिले. त्यांचे डोळे उघडे होते, पण ओ येईना.

पुष्कळ वेळाने त्या आपल्या आपणच उठून बसल्या.

"मावशी, नाव सांगा ना तुमचं," मी रडकुंडीला आले होते.

त्यांनी आठवून बघितलं. अगदी मनापासून आठवून बघितलं. "बारशात ठिवलं हुतं एक. लग्नात बदाललं. मग कुनी हाकच मारली न्हाई. न्हाई आठवत गं."

मी गूळ भरवला. तो त्यांनी तोंडात घोळवला आणि म्हणाल्या, "गोड लागंना."

चुडा त्यांनी उतरवला नाही. मास्तरांनी मागितला तर शांतपणे म्हणाल्या, "मेलेल्या सवाष्णीचा चुडा काडत्यात व्हय?" पुढे कुणी विषय काढला नाही. काम त्या पहिल्यासारखंच करायच्या, पण आता लोकांच्या तोंडाकडे बघायच्या, खूप वेळ बघायच्या. जेवायला बसल्या की ताटाला हात लावायच्या नाहीत, कुणी 'जेवा' म्हणेपर्यंत. चित्र लागलं तेव्हा मी पाहून आले. पडद्यावर मेले मी आणि गेल्या त्या, आणि मधला सांधा मलासुद्धा दिसला नाही.

मला मुलगी झाली. नवऱ्याला बहीण नव्हती, म्हणून बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायला मी मावशींनाच बोलावलं. मला दुसरं कुणी नकोच होतं. बायकांनी त्यांच्या हातातला चुडा पाहून नाकं मुरडली. मावशी म्हणाल्या, "मी सवाष्ण मेले बायांनो, माजा इटाळ न्हाई."

त्या पाळण्यावर वाकल्या. नाव आम्ही सुमन ठरवलं होतं. एवढंसं नाव सांगायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ त्यांचे ओठ बाळाच्या कानाशी होते. रडणारी पोर गप्प झाली. मावशी सरळ झाल्या तेव्हा त्यांचा चेहरा इतका मोकळा दिसत होता, की मला त्या ओळखू येईनात.

"आठवलं," त्या म्हणाल्या.

"काय? सांगा ना."

"ठिवलं की जाग्यावर." आणि उठून चालू लागल्या. त्यानंतर कामावर आल्या नाहीत. मी कुरवंड्यात चौकशी केली, पण नावावाचून चौकशी कशी करणार? कुठली मावशी, असंच जो तो विचारी.

सुमन चालती-बोलती झाली तरी हाकेला लगेच ओ देत नसे. जरा थांबायची, आणि मग आमच्यावर उपकार केल्यासारखी बघायची. मी म्हणायचे, पोर लबाड आहे. मग एका श्रावणात तिला ताप चढला. डॉक्टर आले, नाडी बघितली आणि पेटी न उघडताच गेले. भर दुपारी दारात धुकं येऊन उभं होतं. मी तिच्या उशाशी बसून 'सुमन, सुमन' करत होते, आणि तिचे डोळे उघडे होते, मावशींचे होते तसे. मावशींनी कानात ठेवलेल्या नावानेच ही परत येईल हे मला कळत होतं, आणि तेच नाव माझ्याजवळ नव्हतं. घसा बसला तेव्हा मी हात जोडले.

"मावशी, आता तुम्हीच मारा हाक."

मला काहीच ऐकू आलं नाही. खोलीत कुणीही बोललं नाही. पण माझी मुलगी दाराकडे वळली आणि स्वच्छ म्हणाली, "ओ."