मागं म्हणणारं कुणी नव्हतं

मनमाडला गाडी लागली तेव्हा आई माझ्या चिवड्याच्या डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबून बघत होती आणि बाबा सुनीलला विचारत होते, झाशीत चर्च स्टेशनपासून किती लांब पडतं. सुनील माझा नवरा. रेल्वेत नोकरीला, झाशीला नुकताच रुजू झालेला. त्याला भाड्याच्या खोलीचा पत्ता धड सांगता येत नव्हता, तर चर्चचा कुठून येणार? गाडी हलली तसे बाबा खिडकीचा गज धरून दोन पावलं चालले आणि म्हणाले, "तिथं गेल्यावर गाणाऱ्यांत जाऊन बस. मागच्या बाकावर बसलीस तर तुला कुणी ओळखणार नाही."

आई, हे मी तुझ्यासाठी लिहिते आहे. आणि माझ्यासारख्या ज्या बाया आपला देव बरोबर घेऊन परक्या गावात गेल्या आणि तिथल्या चर्चमध्ये पाहुण्यांसारख्या अवघडून बसल्या, त्यांच्यासाठीही.

बाबा आमच्या नगर जिल्ह्यातल्या गावचे मास्तर. शाळेतले नव्हे, चर्चमधले. फादर कधीमधी यायचे; बाकीच्या रविवारी प्रार्थना चालवायची ती बाबांनी, पेटी पुढ्यात घेऊन. गीतांची पुस्तकं मोजक्या घरांत, आणि वाचता येणारे त्याहून मोजके. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती. पुढच्यानं अर्धी ओळ म्हणायची आणि थांबायचं, मग सगळ्या गावानं तीच ओळ मागं म्हणायची. स्तोत्र असो की भजन, सगळं असंच. मी परकर सावरत मागं म्हणत वाढले आणि बाबांचा घसा बसायला लागला तेव्हापासून पुढं म्हणायला लागले. ओळ संपवून थांबलं की मागून अख्ख्या गावाचा आवाज येऊन पाठीवर आदळायचा. त्याची इतकी सवय, की गाणं असंच असतं असं मला वाटे.

झाशीत आम्ही सीपरी बाजारात खोली घेतली. घरमालकीणबाईंना मी मराठी आहे एवढंच कळलं, आणि त्यांनी मला कौतुकानं ओरछा गेटजवळच्या एका जुन्या मराठी घरी नेलं. त्या काकू ठेवणीतलं मराठी बोलत होत्या, मधूनच हिंदीत घसरत होत्या. माझ्या गळ्यातला क्रॉस बघून म्हणाल्या, "अगंबाई, आपल्यात असेही असतात होय?" आणि शिरा आणखी वाढला. मी खाल्ला. माणूस प्रेमाचं होतं, पण घरी येईपर्यंत मी क्रॉस पदराखाली धरून ठेवला होता. तशी मी चटकन लाजणारी नाही, पण झाशीनं मला लाजायला शिकवलं.

चर्चमध्ये रविवारची उपासना, म्हणजे मिस्सा, हिंदीत. क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचा गट, डेनिस भैया सांभाळतात: कीबोर्ड वाजवतात, बोलतात कमी. शनिवारच्या सरावात माझा आवाज ऐकून त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या रविवारचं स्तोत्र मला दिलं. मी हिंदी ओळी भांडी घासताना घोकल्या. सुनीलनं शिफ्ट बदलून घेतली आणि तो इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या बाकावर बसला.

मी उभी राहिले. पहिली अर्धी ओळ म्हटली, चांगली लागली, आणि थांबले.

मागून काही आलं नाही.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तीच ओळ पुन्हा म्हटली, जरा मोठ्यानं, आणि हातानं "म्हणा" अशी खूणही केली. सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. एका लहान मुलीनं मात्र माझ्यामागं ती ओळ म्हटली आणि तिच्या आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. तेव्हा कळलं, इथं लोक फक्त स्तोत्राचं धृपद म्हणतात. बाकी ओळी गाणाऱ्यानं एकट्यानं सरळ म्हणत जायच्या. सरावात ते मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण इथं ते लहान पोराटोरांनाही ठाऊक. डेनिस भैयांनी कीबोर्डवरून धृपद उचललं, लोकांनी ते म्हटलं, आणि उरलेलं स्तोत्र त्यांनीच पार पाडलं. मी तिथंच उभी होते. खाली बसायचंसुद्धा सुचलं नाही.

बाहेर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे इतके गोड बोलले, की मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

पुढच्या शनिवारी मी गेले नाही, त्याच्या पुढच्याही. मग डेनिस भैया स्वतः घरी आले. "भाभी जी, गाना ही सेवा थोड़े है," ते म्हणाले. "माइक लगाना है, किताबें बाँटनी हैं, स्क्रीन पर लाइनें चलानी हैं. जो मन करे, पकड़ लीजिए." मी सगळंच पकडलं. माइकच्या तारा गुंडाळल्या, पुस्तकं वाटली, शेवटी लॅपटॉपपाशी स्थिरावले. लोकांची ओळ संपता संपता पुढची पडद्यावर आणायची. कामाला नाव ठेवायला जागा नव्हती आणि मी ते मनापासून करत होते. फक्त तोंड उघडत नव्हते. घरी फोनवर बाबा विचारायचे, या रविवारी कोणतं स्तोत्र होतं. मी कोणतं ते सांगायची. कुणी म्हटलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

उन्हाळ्यात बाबा आठवडाभर आले. तुझे गुडघे दुखत होते म्हणून तू राहिलीस. रविवारी धोतर नेसून, टोपी घालून ते पुढच्या बाकावर जाऊन बसले. स्तोत्राची वेळ आली तसे सरसावून बसले. उठली ती दुसरीच बाई. बाबा गाणाऱ्यांतला एकेक चेहरा बघत गेले, मग बाजूच्या भिंतीशी लॅपटॉपमागं मी त्यांना सापडले. मला बघून त्यांनी नजर लगेच पडद्याकडे वळवली. पूर्ण मिस्साभर ती तिथंच ठेवली.

ऑटोत ते झाशीच्या लक्ष्मी ताल तलावाबद्दल विचारत राहिले. घरी मी कणीक मळत होते, बाहेरच्या खोलीत तुझा फोन आला. फोन स्पीकरवर होता, तुला ठाऊकच आहे, त्यांना कमी ऐकू येतं.

"म्हटलं का तिनं?" तू विचारलंस.

बाबा म्हणाले, "म्हटलं की. पुढं उभी राहून म्हटलं. चांगलं म्हटलं."

"मग रेकॉर्ड नाही केलंत?"

"मिस्सेत मोबाईल काढत नाहीत."

आई, तेवढं एक खरं होतं. गावात भावाभावांचं भांडण झालं तर मास्तर काय म्हणतात ते बघतात, ते आपले बाबा. मी दाराशी आले तसे ते खाली वाकून चपला सरळ करायला लागले, सरळच होत्या त्या. त्या दिवसापर्यंत मला माझ्या चुकीची लाज वाटत होती. ती काहीच नव्हती. माझ्या गप्प बसण्यापायी बाबांना या वयात खोटं बोलावं लागलं, ही लाज मला अजून उतरवता आलेली नाही.

शनिवारी मी डेनिस भैयांना म्हटलं, उद्या स्तोत्र मी गाते. ते म्हणाले, "पक्का?" मी म्हटलं, पक्का. रविवारी म्हटलंही, न थांबता, शेवटपर्यंत. दुसऱ्या कडव्यात आवाज चिरकला, पण लोकांनी धृपद म्हटलं आणि मी पुढं गेले. बाबा तोवर गावी परतले होते, त्यांचा रविवार तिथं होता. त्यांचं बोलणं मी आठवडाभर उशिरा खरं केलं, आणि तेही त्यांच्यामागं. आता बहुतेक रविवारी म्हणते.

घर म्हटलं की आता मला गावचं चर्च दिसत नाही, सीपरी बाजारातली ही खोलीही नाही. फोन हातात धरून माझी लाज स्वतःच्या अंगावर घेणारे बाबा दिसतात. एवढं करणारं माणूस जिथं आहे ते घर, आणि मी तिथं राहत नाही.

आई, हे वाचून त्यांना काही विचारू नकोस. विचारलंस तर ते पुन्हा म्हणतील, चांगलं म्हटलं तिनं.