ह्यांच्या नंबरची काच

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. कोणी म्हणालं वाटेत देवचार दिसला, भूत दिसलं, की मी विचारायचे – तू जेवला होतास का? खाणीवर खडी फोडलेली बाई मी. उपाशी माणसाला काय काय दिसतं ते मला ठाऊक आहे. शाळा चौथीपर्यंत. मी बोलते आणि नात मोबाईलवर लिहिते... चुकलं तर तिचं.

माहेर माझं दोडामार्गाकडे. लग्नाआधी शिरगावच्या खाणीवर कामाला होते. तिथे हातोडीखालची कपरी उडून डाव्या डोळ्यात गेली, फूल पडलं. त्या डोळ्याला उजेड-काळोख कळतो, बाकी काय नाही. तसल्या मुलीशी ह्यांनी लग्न केलं. साखळीच्या बाजारात ह्यांचा फोटोचा लहानसा धंदा. गोवा मुक्त होऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली असतील.

ह्यांना लांबचं दिसत नसे. चष्मा म्हणजे सोड्याच्या बाटलीचं बूड. पण चष्मा घालून कॅमेऱ्याला डोळा लावला की डोळा लांब राहतो, कडेची माणसं दिसतच नाहीत. बघायची खिडकी – हे त्याला जनेल म्हणायचे – अंगठ्याच्या नखाएवढी! म्हणून ह्यांनी आपल्या नंबरची काच घासून गोल केली आणि जनेलावरच चिकटवून टाकली. मग चष्मा कपाळावर सारायचा, डावा डोळा लावायचा – उजव्यानं त्यांना कधी जमलं नाही – आणि पुढची कडी फिरवायची. जनेलात मधोमध एक गोल असतो. त्यात समोरच्याचं नाक दोन तुकड्यांत दिसतं. तुकडे जुळले की बटण दाबायचं. मला एवढं शिकवलं होतं, चहा पिता पिता.

हे तापानं गेले, चार दिवसांत. दोन मुली, धाकटी अंगावर पिणारी.

कॅमेरा मी हातात घेतला. पण त्या काचेतून मला सगळं धुकं. काच उपटायला गेले असते तर जनेलच फुटलं असतं, असं काय काय लावून ठेवलं होतं ह्यांनी. मग मी दोरी केली. कडीवर अंतराचे आकडे असतात, त्या त्या अंतरावर दोरीला गाठी मारल्या. एक टोक कॅमेऱ्याशी, दुसरं माणसाच्या कपाळाला टेकवायचं, गाठ बघायची, कडी त्या आकड्यावर आणायची. बाजारातले म्हणत, काकी फोटो काढते की झंपराचं माप घेते? म्हणू देत. फोटो येत होते.

सगळेच नाही येत. दिराचं म्हणणं कॅमेरा विकूया. माणूस वाईट नव्हता, आमचं पोट त्यालाच बघावं लागलं असतं. म्हणाला, "वयनी, जत्रेचे फोटो बरे इले तर ठेव. नायतर खाणीर मुकादमाक सांगतंय मी." म्हणजे परत डोक्यावर टोपली, आणि मुली कोणाकडे ठेवायच्या? मी बरं म्हटलं.

लईराई देवीच्या जत्रेआधी धोंड, म्हणजे जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारे भक्त, व्रत धरतात. वेगळे राहतात, आपलं आपण रांधतात, कोणाला शिवत नाहीत. त्यांतल्या सहा जणांचे फोटो हे दर वर्षी काढायचे, दुपारी, तळीजवळच्या आंब्याखाली. त्या वर्षी मी गेले. दोरी सोडली, पुढे झाले, तर त्यांच्यातले म्हातारे पुंडलिक आजोबा हात आडवा करून म्हणाले, "दोरी हय हाडू नको, बाय. आमचां सोवळां आसा."

दोरी टेकली तरी शिवल्यासारखंच, ह्याचा मी विचारच केला नव्हता. ह्यांना कधी दोरी लागली नाही ना. जमिनीवरून मोजू म्हटलं तर ते मुळांवर बसलेले, कोण वर, कोण खाली. सावली दाट. तसल्या सावलीत वीतभर चुकलं की तोंड पुसट येतं. रोलात सातच फोटो उरले होते.

करणार काय? कॅमेरा डोळ्याला लावला. धुकं. कडी फिरवली – धुकं. तोंडावर घामाच्या धारा. पदरानं पुसल्या, परत लावला...

आणि समोर लख्ख. वेताच्या काठ्यांचे लोकरी गोंडे, माळेतली कळी न कळी. गोलात आजोबांचं नाक, दोन तुकड्यांत. कडी फिरवली, जुळलं, दाबलं. एक सगळ्यांचा, मग एकेकाचा. घाम पुसला म्हणून दिसतंय, एवढंच मनात आलं.

कॅमेरा खाली घेतला तर आजोबा माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "तुझो घोव पण असोच डावो डोळो लावी."

तेव्हा मला कळलं, माझा उजवा डोळा अजून मिटलेला होता.

तिथेच उभ्या उभ्या परत डावा लावून बघितला. काळोख.

फोटो म्हापशाहून धुऊन आले. सातही स्वच्छ, मिशीचा केस मोजावा असे. दिरानं ते खालीवर करून बघितले, कॅमेरा होता त्या खुंटीला परत अडकवला आणि चहा मागितला. खाणीचं नाव परत काढलं नाही. त्या कॅमेऱ्यावर दोन्ही मुली मोठ्या केल्या – दोरी लावूनच.

पुढे म्हातारपणी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डिचोलीच्या डॉक्टरला कॅमेरा नेऊन दाखवला. सगळी हकीकत सांगितली. त्यानं काच तपासली. फार जड नंबर, चांगल्या डोळ्याला धुरकटच दिसणार, म्हणाला. मग डाव्या डोळ्यात बॅटरी मारून कितीतरी वेळ बघत बसला. "आजी, ह्या डोळ्यापुढे कुठलीही काच धरा, फरक पडणार नाही."

नात म्हणते नशीब. नशिबानं एक फोटो येईल गं... सात कसे आले? मला सांगता येत नाही. कोणाला कॅमेऱ्यातलं कळत असेल तर सांगा, मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

अजून कधी दुपारी कॅमेरा काढते. उजवा मिटते, डावा लावते. काही दिसत नाही. मग काच पुसते आणि परत ठेवून देते.