गाड्या कोठे शेत

ट्रॅक्टर सोडला तर आमच्या घरात आजवर चारचाकी आलेली नाही, पण चारचाकीवरून भांडणं इतकी झाली की ज्यांच्या दारात खरोखर गाड्या उभ्या असतात त्यांच्याकडेही होत नसतील.

सुरुवात माझ्यामुळे झाली. मी धुळ्याला नोकरीला आहे आणि सुट्टीला मुक्ताईनगरजवळच्या आमच्या गावी येते. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, केळीची बाग बघतो. दुपारी बागेत जेवण झालं की तो फोनवर गाड्या बघत बसायचा. एका रविवारी मी वैतागले आणि म्हटलं, नुसता बघत काय बसतोस, घेऊन टाक एकदाच्या. समज, तुला एक कोटी रुपये दिले. त्यात बसतील तेवढ्या गाड्या घे. कर्ज काढायचं नाही, किंमत सगळे कर धरून लावायची, आणि घेतलेली प्रत्येक गाडी आपल्या अंगणात मावली पाहिजे.

मला वाटलं, अर्ध्या तासात विषय संपेल. तो हिवाळा संपला तरी संपला नाही.

दादाने पहिल्याच दिवशी एक लाल, बिनटपाची, दोनच माणसं बसणारी गाडी घेतली आणि तिच्यात जवळजवळ निम्मं बजेट घालवलं. मी गोल दिव्यांची जुनी जीप घेतली, कारण मला ती आवडते आणि कारण सांगायला मी कुणाची बांधील नाही. नाना, म्हणजे आमचे वडील, आधी हसत होते. चार दिवसांनी त्यांनी मला धुळ्याला फोन केला आणि मी ऑफिसात आहे हे माहीत असूनही विचारलं, की सेकंडहँड जर्मन गाडी चालेल ना नियमात? मग ती काळी, लांबलचक गाडी आली. उरलेल्या पैशांत लग्नाकार्यासाठी सगळ्यांच्या नावाने एक पांढरी मोठी गाडी घेतली.

त्यानंतर खरी कटकट सुरू झाली. नाना प्रत्येक गाडीच्या डिक्कीत केळीचा घड उभा राहतो का, एवढंच बघायचे. लाल गाडीत घड आडवासुद्धा मावत नव्हता, त्यावरून बापलेकांचा दोन दिवस अबोला. आई म्हणाली, पांढऱ्या गाडीवर आपली काळी माती दिसेल आणि धुवायला पाणी मी भरणार नाही. शेताच्या वाटेवर एक नाला आहे. तिथे लाल गाडी खालून घासणार, हे नानांनी पुराव्यानिशी सिद्ध केलं आणि एक कोटीतले काही पैसे वाटेवर मुरूम टाकायला बाजूला काढायला लावले. मी विरोध केला. गाड्यांच्या बजेटमधून रस्ता करायला आपण काय सरकार आहोत का, असं मी म्हटलेलं मला आठवतं. आता हसू येतं, तेव्हा मी खरंच चिडले होते.

त्याच हिवाळ्यात दादासाठी मुली बघणं चालू होतं. बघणं म्हणजे काय, तर मुलगा शेतकरी आहे म्हटलं की समोरचे लोक चहा प्यायचे, पोहे संपवायचे आणि उठायचे. नोकरी काय, पगार किती, शहरात फ्लॅट आहे का, एवढेच प्रश्न. शेत कुठे आहे, हे कुणी विचारायचंच नाही. नानांना त्याचं फार लागायचं. त्यांनी आयुष्य त्या बागेत घातलं होतं आणि पाहुण्यांना ती बघायचीसुद्धा नसायची.  दर नकारानंतर दादा लाल गाडीचा एखादा नवा व्हिडिओ बघायचा. 

आमच्या नात्यातले एक मामा स्थळं सुचवायचे. एकदा ते बागेत भरीत खायला आले. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती आणि नाना दादाला गंभीरपणे सांगत होते, की चारही गाड्यांचा विमा एकदमच काढू, सूट मिळते. मामांनी भरीत खाल्लं, हात धुतला आणि निघून गेले. ते काय ऐकून गेले, हे आम्हाला कळायला पुढे पंधरवडा लागला.

पारोळ्याकडचं एक स्थळ थेट घर बघायलाच येतंय, असा मामांचा निरोप आला. मुलगीही येणार होती. धुळ्यातच कुठेतरी हिशेबाचं काम करते म्हणे. मी रजा काढून आले. मामा आधीच येऊन बसले होते. भाड्याच्या गाडीतून मुलगी, तिची आत्या आणि पांढऱ्या टोपीतले तिचे आजोबा उतरले. सगळे त्यांना आबा म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो. आबा बसले, पण पोह्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते खिडकीतून अंगणाचा कोपरान् कोपरा तपासत होते. शेवटी त्यांनी नानांना विचारलं, "गाड्या कोठे शेत?"

आमच्या पूर्वेकडची बोली वेगळी आणि पारोळ्याची अहिराणी वेगळी. धुळ्यात रोज कानावर पडते म्हणून मला कळलं, की ते 'गाड्या कुठे आहेत' असं विचारताहेत. नानांना एरवी कळलं असतंही. पण त्यांच्या कानात फक्त शेवटचे दोन शब्द शिरले. कोठे शेत. इतक्या महिन्यांनी कुणीतरी शेत विचारलं होतं. नाना खुर्चीतच ताठ झाले.

"नाल्याच्या पल्याड हाये," ते म्हणाले.

"बठ्ठ्या तठेच शेत?" सगळ्या तिथेच आहेत का, असं आबा विचारत होते.

"हो, सगळं एकाच तुकड्यात. तुकडे पडू दिले नाही मी."

आबा जरा चपापले. उघड्यावरच्या गाड्यांना पाणी लागतं का, या काळजीने त्यांनी विचारलं, "पानी लागस का त्यास्ले?"

"रोज देतो ना," नाना म्हणाले. "ठिबकनं."

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. जरा वेळाने, अगदी हळू आवाजात, किती वर्षांच्या आहेत म्हणून विचारलं. "किती वरीसन्या शेत?"

"माझ्या आजोबापासूनचं हाये," नाना अभिमानाने म्हणाले.

मी स्वयंपाकघराच्या दारातून मामांकडे पाहिलं. मामा छताचा पंखा निरखत होते, आणि तो बंद होता. त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी त्यांना खुणेनेच आत ओढलं. हो, सांगितलं मी, ते कुजबुजले, मुलगा शेतकरी आहे पण घरी चार गाड्या आहेत म्हणून. तुम्हीच म्हणत होता ना? मला त्यांना लाटणं दाखवावंसं वाटलं. पण तोवर नाना पाहुण्यांना घेऊन शेताकडे निघालेसुद्धा.

नाल्याशी पाहुण्यांची गाडी खालून घासली. नानांनी लगेच दादाकडे वळून पाहिलं, बघ, मी म्हणत होतो, अशा नजरेने. सगळे उतरून चालू लागले. मी दादाला मागे ओढलं आणि सगळं सांगितलं. मामाही जवळ आले आणि म्हणाले, गाड्या जळगावला सर्व्हिसिंगला टाकल्यात म्हण, पुढचं पुढे बघू. दादा ऐकत ऐकत पुढे चालू लागला. मला वाटलं, बहुतेक म्हणेल.

बागेच्या तोंडाशी आबा थांबले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि खचल्या आवाजात म्हणाले, "आठे ते बठ्ठ्या केळीच शेत."

"हो, केळीचंच," नाना खूश होऊन म्हणाले.

दादा पुढे झाला. "आबा, गाड्या नाहीत. एकही नाही. एक ट्रॅक्टर आहे आणि एक मोटरसायकल. त्या चार गाड्या आम्ही नुसत्या मनात घेतल्यात, एक कोटीत. मामांनी तेच ऐकलं."

नानांचा चेहरा बघवेना. गाड्या नाहीत याचं त्यांना काहीच नव्हतं, पण आबांनी शेत विचारलंच नव्हतं, हे त्यांना आत्ता कळलं. आत्याबाई पदर सावरून मागे फिरल्या. मला वाटलं, झालं, हेही गेलं.

तेवढ्यात ती मुलगी दादाला म्हणाली, "एक कोटीत चारच कशा बसल्या?"

दादा गोंधळला. पण हिशेब विचारला म्हटल्यावर त्याने सांगितला, गाडीमागून गाडी. लाल, जीप, काळी, पांढरी आणि मुरूम. तिने केळीच्या पानाची झालर बोटाने चिरत सगळं ऐकून घेतलं. मुरुमाचं बरोबर आहे, म्हणाली. नानांनी मान वर केली. मग ती म्हणाली, "लाल गाडी काढा. तिच्या पैशात बागेला एक पिकअप येईल, आणि वर एक लहान गाडी बसेल. मला माहेरी जायला."

सारा हिवाळा आम्ही तिघांनी एक कोटी उधळले, पण माहेरी जायला गाडी घ्यावी हे कुणालाच सुचलं नव्हतं. मला तिचं बोलणं कळायला एक श्वास लागला. आबांना माझ्याआधी कळलं. ते खाली बघून टोपी नीट करत राहिले. ज्या लाल गाडीसाठी दादा बापाशी दोन दिवस बोलला नव्हता, तिच्याबद्दल तो एवढंच म्हणाला, "काढली."

नानांनी अर्थातच विचारलं, लहान गाडीचं ॲव्हरेज किती आहे.

आता ती आमची वहिनी आहे. अंगणात अजून ट्रॅक्टरच उभा असतो. सणाला ती माहेरी निघाली, की नाना ओट्यावरून सांगतात, लहान गाडी नाल्याकडून नेऊ नको, खालून घासते. वहिनी हो म्हणते, पिशवी खांद्याला लावते आणि एसटी पकडायला चालत निघते.