उलटा ठेवलेला फोटो

माझा धाकटा भाऊ फोटोग्राफर. नट, नाचणारे, जादूगार, सगळ्यांना खेळ चालू असताना टिपतो आणि फोटो मासिकांना विकतो. दुकान मी सांभाळते, म्हणून डोकंही माझंच फिरतं. कारण विकण्याआधी हा पठ्ठ्या प्रत्येक कलाकाराला दुकानात बोलावतो, टेबलावर फोटो मांडतो. ज्याला जो पटणार नाही, तो त्याने उलटा ठेवायचा. उलटा ठेवलेला फोटो भाऊ जन्मात विकत नाही.

"अरे, कायद्याने फोटो काढणाऱ्याचाच असतो ना?" मी विचारते.

"फोटो माझाच, ताई. पण चेहरा त्यांचा."

घ्या! आता या शहाण्याशी काय बोलायचं?

परवा चेंडूवाले काका आले. अख्खं आयुष्य चेंडू हवेत खेळवण्यात गेलेला माणूस. भावाने नेमका एक चेंडू निसटताना त्यांना टिपलं होतं. तान्हं बाळच हातातून सुटावं, तसं काकांचं तोंड! इतका चांगला फोटो भावाने उभ्या आयुष्यात काढला नव्हता. मुखपृष्ठावर छापायला मासिकवाले एका पायावर तयार होते.

काका बराच वेळ फोटो बघत बसले.

"हल्ली हात थरथरतात रे," ते हळूच म्हणाले. "हा छापून आला तर मला खेळाला कोण बोलावणार?"

आणि त्यांनी फोटो उलटा ठेवला.

माझा नुसता जळफळाट झाला. "काका, याच्या मेहनतीचं काय? खरं तर तुम्हाला विचारायचीसुद्धा गरज नाही याला!"

"ताई, पुरे!" भाऊ ओरडला. "फोटो माझा आहे म्हणूनच मासिकाला नाही म्हणता येतंय. दुसऱ्या कुणाचा असता, तर मला छापणं थांबवता आलं असतं का?"

त्याने तिथल्या तिथे मासिकवाल्यांना फोन करून नकार कळवला. मला दोघांचंही फार वाईट वाटलं.

काका खुर्चीतून उठेनात. "माझ्यापायी तुझं नुकसान झालं. असं कर, या महिन्यात मी खेळच सोडतो. मग खुशाल विक."

"काही घाई नाही, काका," फोटो पाकिटात घालत भाऊ म्हणाला. "उद्या खेळ कुठे आहे तुमचा? मी येतो."