वर्षाराणीचा पेशंट

मंगळवार पेठेत मला सगळी आक्का म्हणत्यात. एक आधीच सांगून ठेवतो, आमच्याकडं बाईमाणूस बी 'जातो', 'येतो' असंच बोलतंय. त्याला हसायचं न्हाय. हसायचंच असंल तर माझ्या इंग्रजीला हसा. म्हातारपणी मी इंग्रजी शिकलो, आन ते बी आजारी पडायचं इंग्रजी.

सगळा घोळ माझ्या सुनेचा, वर्षाराणीचा. पोरगी कागलची, नर्सिंग केलेली. इथल्या एका खाजगी हॉस्पिटलात कैक वर्षं नोकरी करतीया. हात असा की सुई टोचलेली कळत न्हाय, आन तोंड असं की पेशंट घाबरूनच बरा हुतोय. तिला आयर्लंडच्या एका हॉस्पिटलात जागा मिळाली, पर आधी इंग्रजीची परीक्षा पास व्हायला पायजे. वाचायचं झालं, लिहायचं झालं. बोलायच्या पेपरात दोनदा आपटली. तिकडनं निरोप आला, ह्या खेपंला जमलं तर जमलं, न्हाय तर जागा दुसऱ्याला देणार.

त्या पेपरात समोरची बाई पेशंट हुतीया आन आपण नर्स व्हायचं असतंय. पहिल्या खेपंला ती बाई म्हणाली, "आय कान्ट कीप एनिथिंग डाउन." हिला कीप कळलं, डाउन कळलं. हिला वाटलं, बाईला हातातलं काय तरी खाली ठेवता येईना. म्हणाली, द्या इकडं, मी ठेवतो टेबलावर. आन ती बाई बिचारी सांगत हुती की पोटात काय टिकत न्हाय, खाल्लेलं सगळं उलटून पडतंय. घरी येऊन हे सांगताना वर्षाराणी हसली, आन हसता हसता रडायला लागली.

तवापासनं तिनं त्या शब्दांचा पिच्छा धरला. फ्रेजल व्हर्ब म्हणत्यात त्यास्नी, मी जोडगोळी म्हणतो. साधं सरळ क्रियापद असतंय, पर त्याच्या शेजारी अप, डाउन, ऑफ, आउट असलं कोण तरी येऊन बसलं की त्याचा स्वभावच बदलतोय. लुक म्हंजे बघणं. लुक फॉर म्हंजे हुडकणं, लुक आफ्टर म्हंजे सांभाळणं, लुक डाउन ऑन म्हंजे कमी लेखणं. तिला काय केल्या पाठ हुईना, तवा मी युक्ती काढली. एकेका शब्दावर गल्लीतलं एकेक माणूस नेमलं. गिव्ह अप म्हंजे शेजारचा बाळासो. तालीम सोडली, क्लास सोडला, लग्नाचा नाद बी सोडला, रिक्षा तेवढी अजून सोडली न्हाय. पुट ऑफ म्हंजे माझा लेक सम्राट, दिवाळीपासनं गिझर दुरुस्तीचं रोज उद्यावर ढकलतोय. टर्न अप म्हंजे धोंडुबाई, चहाला उकळी आली की दारात हजर. पुट अप विथ म्हंजे सोसून घेणं. त्याला कुणाला धरायचं, असं मी विचारलं तर माझ्याकडं बघून नुसती हसली. लबाड हाय.

रोज दुपारी तिची ड्यूटी सुटली की मी पेशंट व्हायचो. दारापाशी खुर्ची टाकायची, त्यात मी बसायचं, आन ती नर्स होऊन आत यायची. नियम एकच, खुर्चीत बसल्यावर मराठी बंद. पेशंट मराठीत बोलला तर नर्सनं ऐकायचंच न्हाय. नियम मीच घातलेला, कारण आम्ही दोघी मराठीवर आलो की इंग्रजी बाजूला आन भांडण सुरू. पेशंट मी लई झकास करायचो. कण्हायचो, डोळं फिरवायचो, मान टाकायचो. थ्रो अप म्हंजे ओकणं, कम राउंड म्हंजे शुद्धीवर येणं, सगळं तोंडात बसलं. पास आउटवर तेवढा आमचा वाद झाला. गल्लीतली पोरं पास आउट झालो म्हणून पेढे वाटत्यात, आन इंग्रज म्हणतोय माणूस चक्कर येऊन पडला. म्हटलं, असंल बाबा, त्याची भाषा त्यालाच ठावं.

वरनं चेष्टा चालली हुती, पर आतनं मला धाकधूक. ही पास झाली की जाणार. मागनं सम्राट जाणार. मग ह्या घरात मी एकटी. आन पास झाली न्हाय तर पोरगी मनातनं मोडणार, ते बी मला बघवणार न्हाय. देवापुढं बसलो की काय मागायचं तेच कळायचं न्हाय. नुसता दिवा लावून उठायचो.

परीक्षा पुण्याला, शनिवारी. शुक्रवारी संध्याकाळची गाडी हुती. त्या दिवशी सकाळपासनंच मला कसंतरी व्हायलं हुतं. बोललो न्हाय, ऐन जायच्या दिवशी तिच्या डोक्याला घोर कशाला लावायचा. दुपारी बॅग भरून ती म्हणाली, "आक्का, शेवटचं एकदा घेऊया." मी खुर्चीत बसलो.

ती आत आली. "हॅलो, आय अ‍ॅम वर्षाराणी, युवर नर्स टुडे." मी तोंड उघडलं आन दरदरून घाम फुटला. समोरचं दार हलायला लागलं.

"वर्षाराणी, अगं मला बरं वाटंना."

ती गोड हसली. "इन इंग्लिश, प्लीज."

"खेळ न्हाय पोरी, खरंच."

तिनं नुसती मान हलवली. नियम म्हंजे नियम, कानावरच घेतलं न्हाय. माझा जीव घाबरा झाला. आन मग मी काय केलं ठावं हाय? शब्द हुडकायला लागलो. डोळ्यापुढं अंधारी यायला लागलीया आन मी बसलोय इंग्रजी जुळवत.

"आय... गोइंग टू... पास आउट."

"व्हेरी गुड, आक्का," ती म्हणाली आन टाळ्या वाजवल्या. तेवढं ऐकलं, पुढचं मला ठावं न्हाय.

शुद्धीवर आलो तवा माझं पाय तिच्या पुण्याच्या बॅगेवर ठेवलेले, आन ती माझी नाडी धरून फोनवर सम्राटला ओरडत हुती. बाळासोच्या रिक्षात घालून मला तिच्याच हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, काळजाचे ठोके मंद पडत्यात, दोन दिवस मशीन लावून बघूया.

ती माझ्या पायाशी बसली. मग म्हणाली, "तुम्ही सांगितलासा की. सरळ मराठीत सांगितलासा. आन मी टाळ्या वाजवल्या. कसली नर्स मी?"

"नियम माझाच हुता," मी म्हटलं.

"मी जात न्हाय. परीक्षा गेली खड्ड्यात."

सम्राट दाराशी उभा हुता. खरं सांगतो, त्या वक्ताला मी नुसतं गप्प बसलो असतो तरी झालं असतं. गाडी सुटली असती, जागा दुसऱ्याला गेली असती, सून घरात राहिली असती. मला ते पायजे हुतं. लई पायजे हुतं. एकट्या घरात असं कोसळायचं आन दार ढकलून यायला कोण न्हाय, ह्याचं भ्या वाटत हुतं मला. पर इतकी वर्षं बघतोय हिला. ही राहिली असती तर रोज उठून माझी नाडी बघितली असती, आन एक दिवस बी मनापासनं हसली नसती.

"ऊठ," मी म्हटलं. "गाडी चुकंल."

"आन तुम्हाला परत काय झालं तर?"

"मराठीत सांगीन की. कोण तरी ऐकंल."

मी आपलं चेष्टेनं बोलून गेलो, जिभंला सवय हाय. पर तिचं तोंड बघितलं आन वाटलं, ह्यापेक्षा हिच्या कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं. ती उठली, माझ्या पायाला हात लावला, आन सम्राटबरोबर स्टँडवर गेली.

पास झाली. पेपरात काय आलं ते तिनं सांगितलं न्हाय, मी बी विचारलं न्हाय. सम्राटनं गल्लीभर पेढे वाटले, धोंडुबाईनं दोन घेतले. पुढच्या महिन्यात विमान हाय. मला गोळ्या लागल्यात. खुर्ची आत नेऊन ठेवली, आता दुपारची आम्ही मराठीतच भांडतो. कुठं बी असली तरी तिची हाक येतीया, "आक्का, बरं हाय न्हवं?" परत अंधारी आली असं माझ्या तोंडातनं निघालं तर ही तिकीट फाडून टाकंल, हे मला ठावं हाय.

काल आंघोळीला गेलो आन डोळ्यापुढं काळं झालं. भिताडाला धरून तशीच खाली बसलो. बाहेरनं हाक आली, "आक्का, बरं हाय न्हवं?"

"व्हय," मी मोठ्यानं म्हटलं.