साडूंची बुरशी

बुरशी आली की लोक डबा फेकतात. बुरशी आली म्हणून पेढे वाटणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. भवानी पेठेत राहणारे हे रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर. तूर झोडपून झाली की उरलेल्या तुराट्या लोक चुलीत घालतात. त्यांतून गाडीचं इंधन काढायचं वेड यांनी घेतलं. अकलूजकडच्या एका गोठ्याच्या तुराट्यांच्या कुजक्या कुडावरून बुरशी आणली आणि मागच्या खोलीत डब्याडब्यांतून पोसली. तिच्या रसानं काडी विरघळते, काडीची साखर होते, साखर आंबवून गाळली की स्पिरिट. इतकं सोपं ते सांगत. उन्हाळ्यात कूलर बुरशीला आणि घरची माणसं ओल्या टॉवेलवर. एकदा जेवताना मला म्हणाले, "साडूभाऊ, हळू बोला, आज ती जरा नाजूक आहे." मला वाटलं, अक्का आजारी आहेत. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी.

यंदा मात्र अक्कांचा धीर सुटला. घरभर आंबूस वास, त्यात शेजाऱ्यांना हातभट्टीचा संशय. "आज तुमचं स्पिरिट पेटलं तर ठीक. न्हाई पेटलं तर समदे डबे मीच उकिरड्यावर न्हेते," त्यांनी माझ्यासमोर बजावलं. डब्यांना दुसरी जागा नव्हती, आणि त्या उन्हात बुरशी जगली नसती.

भर दुपारी अंगणात साडूंनी वाटीत थोडं स्पिरिट ओतलं. दोन काड्या ओढतानाच मोडल्या. तिसरी लावली. आम्ही वाकून बघत राहिलो. ना ज्योत, ना धूर. खोटंच 'पेटलं' म्हणावंसं वाटलं, पण अक्कांच्या चेहऱ्याकडे बघून धीर झाला नाही. त्या मुकाट्यानं आत गेल्या आणि पहिला डबा उचलून बाहेर आल्या. साडूंनी पडेल चेहऱ्यानं वाटी उचलायला हात घातला आणि असे किंचाळले की शेजारी जिन्यात आले.

"भाजलं! अगं, भाजलं की! पेटलंय! उन्हात दिसत नव्हतं नुसतं!"

पोळलेला हात झाडत हा माणूस हसत होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. अक्कांनी आधी डबा परत कूलरसमोर नेऊन ठेवला, मग नवऱ्याला मोरीवर ओढून हातावर पाणी सोडलं. नंतर स्वयंपाकघराची खिडकी लावली, दार लोटलं.

"उरलंय का जरा?"

बाटलीच्या तळाशी चमचाभर होतं, तपासणीला पाठवायला जपून ठेवलेलं. साडूंनी ते सगळं ओतलं. अंधारात लहानशी निळी ज्योत उभी राहिली. अक्का पदर सावरून वाकल्या आणि बघतच राहिल्या.

"अशी दिसती व्हय," त्या हळूच म्हणाल्या. "लई देखणी हाय की."

साडू ज्योत सोडून अक्कांकडेच बघत होते. मला उगीचच भरून आलं. ज्योत विझली, तरी दार उघडायला आमच्यापैकी कुणीच पुढं झालं नाही.