तारवाबाहेरची पोरं आणि हुबळीचा रस्ता

लीलाक्कांनी डब्यातून चिठ्ठी काढली आणि मोठ्यानं वाचायला लागल्या, त्या क्षणी माझं सगळं बदललं. नव्या वर्षाची पहिली सकाळ, हुबळीतलं रेल्वे क्वार्टर, माझ्या मांडीवर केकची बशी. पण आधी रस्ता सांगतो, कारण तुम्ही बहुतेक जण मला रस्त्याचंच विचारता.

गेलो कशाला? एस्तरसाठी. मिरजेत नर्सिंगला होती तेव्हापासून मी तिच्यामागं वेडा आहे. आता ती हुबळीत लहान मुलांच्या वॉर्डात असते. ख्रिसमसला फोनवर तिला सरळ विचारलं, लग्न करतेस का? ती म्हणाली, "देव प्रेमळ आहे ना? मग जलप्रलयात नोहाच्या तारवाबाहेर जी लहान पोरं राहिली, त्यांचं काय? ते सांग, मग लग्नाचं बघू." बायबलातली गोष्ट आहे, देवानं पूर आणून जग बुडवलं आणि नोहाच्या तारवात, म्हणजे नावेत, होते तेवढेच वाचले.

लोक पत्रिका मागतात, पगार मागतात. हिनं हे मागितलं! मला इतका आनंद झाला की गच्चीवर जाऊन नाचलो. पगार असाही नव्हता. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला सरांशी भांडून कॉलेज सोडलंय, मामाच्या गॅरेजात हात काळे करतो. बाबा रोज म्हणतात, "देव बघतोय. शिक्षा होणारच." मी रोज दार आपटून बाहेर पडतो. दाराशेजारच्या खिळ्यावर बायबलातल्या वचनांचं कॅलेंडर आहे, ते दर वेळी धाडकन खाली पडतं आणि मागून बाबा ओरडतात, "देवाचं वचन पाडलंस!"

तर एकतीस डिसेंबरला सकाळी बाईक काढली. मिरजेहून चिकोडीमार्गे संकेश्वरला या, तिथं हायवे लागतो. मग बेळगाव, कित्तूर, धारवाड. दुचाकीला टोल नाही, टाकी भरून निघालात तर पोचता. हायवेचं काम सुरू आहे, डायव्हर्शनला खडी फार, ब्रेक जपून मारा. (हे मी का सांगतोय ते शेवटी कळेल.)

रस्ताभर हेल्मेटच्या आत उत्तरांची तालीम चालू होती. एक उत्तर, माणसं फार बिघडली होती. दुसरं, ती नुसती गोष्ट आहे, मनावर घेऊ नये. तिसरं माझं लाडकं, देवही त्या वेळी रडला असेल, तोच पाऊस. हे सुचलं तेव्हा मी हँडल सोडून टाळ्या वाजवणार होतो! बेळगावात सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला वाकून बघायला लागला. "यार जोडी माताडतीरी?" कोणाशी बोलताय म्हणे. मी म्हटलं, "देवाशी." तो गंभीरपणे मराठीत म्हणाला, "मग काच वर करा की. आतल्या आत काय ऐकू जाणार त्याला?"

कित्तूरच्या पुढं खानावळीत जेवलो. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाची चटणी, वर दही. शंभराच्या नोटेत पोट भरतं आणि वाढणाऱ्या बाई 'आणखी एक' म्हणत भाकरी टाकतच राहतात. धारवाडच्या अलीकडं बेलूरचे कारखाने लागले की समजा आलंच. तिथून बायपास घेऊ नका. गावातून जा, नवनगर, अमरगोळ करत. वाटेत उणकलचा तलाव आहे, संध्याकाळी तिथं थांबाच. पाणी असं तांबूस झालं होतं की मी हात पसरून सेल्फी काढला आणि एस्तरला पाठवला. 'बघ, जलप्रलय!' असं खाली लिहून, हसणारे चेहरे टाकून. तिनं बघितला. उत्तर आलं नाही.

जुन्या बसस्टँडजवळ स्वस्तात लॉज मिळाला, गरम पाणी फक्त सकाळी. दाजीबानपेठेत एस्तरच्या अप्पांसाठी शर्टपीस घेतला. दुकानदार काका मूळ आमच्या सांगलीकडचे. "जावई व्हायला निघालाय काय?" त्यांनी माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं आणि भाव कमी केला.

ड्यूटी संपवून एस्तर आली. गाड्यावर गिरमिट घेतलं. म्हणजे चुरमुऱ्यांना चिंच-गुळाचा ओला मसाला चोळतात, सोबत मिरची भजी. पहिल्या घासाला मी तिन्ही उत्तरं सांगून मोकळा झालो.

ती भजं मोडत म्हणाली, "काल वॉर्डात एक आई मला विचारत होती. सिस्टर, माझ्या हातून काय पाप झालं म्हणून लेकराला हे? तिला यातलं कुठलं सांगशील?"

मला मिरची लागली. घटाघट पाणी प्यायलो. मग माझं डोकं फिरलं. "तुमच्या त्या वचनांच्या डब्यात तरी काय असतं गं? सगळं गोड! भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे. पुस्तकातलं निम्मं कुठं गेलं?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात नव्या वर्षाला डब्यातून एकेक चिठ्ठी उचलतात. तिच्यावर शास्त्रातलं वचन असतं. जे येईल ते तुमचं, वर्षभर बायबलात ठेवायचं, परत टाकायचं नाही. त्यांच्या घरच्या चिठ्ठ्या एस्तर स्वतः लिहिते, मोत्यासारख्या अक्षरात.

ती एकदम थांबली. "घालू एक?"

"घाल की! हिंमत आहे?"

तिथंच गाड्याच्या बाकावर तिनं पर्समधून कागद काढून लिहिलं. जलप्रलयात कोरड्या जमिनीवर श्वास घेणारं सगळं मेलं, त्या अर्थाचं वचन. "तुलाच येणार बघ," ती म्हणाली आणि आम्ही इतके हसलो की गिरमिट सांडलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, हसून.

सकाळी त्यांच्या घरी दहा-बारा माणसं. कन्नड-मराठी गाणी झाली. मला 'भिऊ नको' आलं. अप्पांना विसाव्याचं काहीतरी. मग अप्पांच्या थोरल्या बहीण लीलाक्का. त्यांनी चष्मा लावला, वाचायला लागल्या आणि शेवटच्या शब्दापर्यंत वाचत गेल्या.

काल गाड्यावर लिहिलेलं तेच वचन. शेजारचे काका माझ्या कानात पुटपुटले, "हिचा एकुलता एक पोरगा बुडाला ना. उणकलच्या तळ्यात. शाळेत होता."

उणकल. माझा सेल्फी. माझे हसणारे चेहरे. बशी खाली ठेवावी एवढंही मला सुचेना. मग कळलं, एस्तरला तारवाबाहेरची पोरं कुठून आठवली ते.

अप्पा चाचरत म्हणाले, "अक्का, दुसरी काढ. चुकून पडली असेल."

"याक? का म्हणून? निघाली ती माझी." लीलाक्कांनी चिठ्ठीची नीट घडी घातली. "तेव्हा सगळे सांगायला आले होते मला. कोणी म्हणालं, शिक्षा. कोणी म्हणालं, त्याची योजना. आणि डब्यातून दर वर्षी मला साखर निघायची. मला वाटायचं, त्या दिवशी हा देव तळ्यावर आलाच नव्हता की काय? चांगल्या घरीच जातो की काय?" त्यांनी चिठ्ठीवर बोट आपटलं. "आज पहिल्यांदा त्यानं स्वतः विषय काढलाय. आता सोडत नाही मी त्याला."

आणि डोळे न मिटता, छताकडं बघून त्यांनी प्रार्थना केली. "बापा, तू बुडवलंस म्हणतात. मला पटत नाही. नाही बुडवलंस, तर वाचवलं का नाहीस? बाप म्हणवतोस ना? मग समोर बस आणि सांग. मी वर्षभर विचारणार. आमेन." मग आमच्याकडं वळून, "केक खा की रे, वाळतोय!"

एस्तर रडत त्यांच्या पायाशी बसली. "अक्का, मी लिहिलं ते."

"अक्षर ओळखत नाही होय मी तुझं, बावळट?" त्यांनी तिचा कान पिळला आणि तसाच धरून माझ्याकडं बघितलं. "आणि हा लाल तोंडाचा कोण?"

"मिरजेचा," एस्तर नाक ओढत म्हणाली. "मी त्याला तारवाबाहेरच्या पोरांचं विचारलंय."

"उत्तर आलं का रे तुला?"

मी म्हटलं, "काल तीन होती. आता एकही नाही."

"मग ठीक आहे," लीलाक्का एस्तरला म्हणाल्या. "ज्याला उत्तर येतं, त्याच्याशी मात्र लग्न करू नकोस गं."

अख्खी खोली हसली. अप्पांनी शर्टपीस उलगडून छातीला लावून बघितला. निघताना जिन्यात एस्तर म्हणाली, "रविवारी ये. वॉर्डात पोरांशी खेळायला माणूस लागतं. उत्तर आणू नकोस."

परतीचा रस्ता तोच. धारवाडला पेढे घ्या, गरम मिळाले तर तिथंच दोन खा. संकेश्वरच्या अलीकडं डायव्हर्शनच्या खडीवर मी घसरलो, मनगट सुजलं. मी खडीत उताणा पडून हसत होतो. ट्रकवाल्यानं पाणी पाजलं, त्याला पेढा दिला.

काय उरलं म्हणाल तर मनगटाचं बँडेज आणि माझ्या बायबलात 'भिऊ नको'. पूर्वी ते गोळीसारखं चघळायचो. आता वाचतो तेव्हा लीलाक्का दिसतात, छताकडं बघणाऱ्या. न भिता विचार, असंच ते मला ऐकू येतं. देव शिक्षा करतो की नाही, मला माहीत नाही. पण जो एका आईचं एवढं ऐकून घेतो, त्याच्यावर माझा जीव जडलाय. आणि एस्तरवर.

रविवारी पहाटे मी बूट घालत होतो. बाबांनी बँडेजकडं बोट केलं. "बघ. म्हटलं होतं ना? शिक्षा."

माझं डोकं तापायला लागलं. मग मी पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात दिला. "बाबा, ते मी देवालाच विचारतोय. तुम्ही पेढा खा."

"चाललास कुठं?"

"हुबळीला."

"परत?"

मी बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं. कडी लागली तेवढाच आवाज. क्षणभर कान देऊन उभा राहिलो. आत कॅलेंडर पडलं नाही.